चाळीसला बाहेर

आझाद मैदानावर सकाळी इतक्या मॅचेस एकदम चालू आहेत की आमचा थर्डमॅन शेजारच्या मॅचच्या मिडऑनला जवळजवळ पाठ लावून उभा आहे. पलीकडे महानगरपालिकेचा घुमट उन्हात पांढरा पडलाय. बारा वर्षांखालच्यांची सुट्टीतली स्पर्धा, वीस ओव्हरची मॅच. माझा भाचा फिल्डिंगच्या बाजूला, कव्हरला. मी स्कोअररकाकांच्या टेबलाशेजारी, छत्री उघडून.

बॅटिंग करणारा मुलगा बाकीच्यांपेक्षा वीतभर उंच आहे, पण फरक उंचीचा नाही. बॉल येतो तेव्हा त्याचं डोकं बरोबर बॉलच्या रेषेत असतं. इतरांची हेल्मेटं नाकावर घसरलेली असतात नाहीतर आभाळाकडे बघत असतात. समोर एक किडकिडीत लेगस्पिनर. रनअप केवढा तरी लांब, बॉल मात्र दोन टप्पे घेऊन पोचतो. चौका. तो तळहात पँटला पुसतो. चौका. पुन्हा पुसतो. तिसरा चौका शेजारच्या मॅचमध्ये घुसतो आणि तिकडचा मुलगा बॉल परत फेकताना म्हणतो, "हळू मारा रे!"

"एक्केचाळीस," काका पेन्सिल वर करतात. "रिटायर!"

नियम असा, की चाळीस झाले की बाहेर बसायचं. बाकीचे सगळे बाद झाले तरच परत यायचं. बोलरलाही तीनच ओव्हर, म्हणजे निदान सातजणांच्या हातात बॉल जातो. मुलगा बॅट काखेत मारून निमूट चालत येतो. निमूट नाहीत ते त्याचे बाबा.

"हा काय नियम झाला काका? फॉर्मात असलेल्या पोराला उठवता? ह्याच मैदानावर १९८८ ला सचिन-कांबळीने ६६४ ची पार्टनरशिप केली. त्यांना चाळीसला उठवलं असतं तर?"

काका गोल करून टिंब देतात. "ती हॅरिस शील्ड होती साहेब. सेमीफायनल."

"मग? समोर सायराज बहुतुले होता, मार खाल्लाच ना त्याने? पुढे इंडियाकडून टेस्ट खेळला की!"

मुद्दा बिनतोड वाटतो खरा. पण बहुतुले तेव्हा पंधरा वर्षांचा होता. आणि त्या दिवशी उन्हात पळून पळून थकलेल्या त्याच्या बाकीच्या दहाजणांचं पुढे काय झालं, हे ह्या वडिलांनी कधी कुणाला विचारलेलं दिसत नाही. मागे उभे असलेले एक गृहस्थ हळूच कल्याणचं नाव काढतात. जानेवारी २०१६, प्रणव धनावडे नाबाद १००९, एकोणसाठ षटकार. सगळ्यांना तेवढं पाठ असतं. समोरची शाळा ३१ आणि ५२ मध्ये गुंडाळली गेली, हे सांगायला मात्र काकांनाच तोंड उघडावं लागतं. "१४६५ वर डिक्लेअर केलं त्यांनी. आता ह्याला मॅच म्हणायची तर म्हणा."

आमच्या वाडीत अंपायर नव्हता तरी हे प्रश्न सुटलेले होते. कंपाउंडबाहेर डायरेक्ट गेला की आऊट, मग मारणारा कितीही मोठा तोफखाना असो. लहानग्याला कच्चा लिंबू म्हणून दोन-चार बॉल जास्त. कुणाच्या बाबांना बोलावणं जात नसे.

इथे मात्र बाबांपेक्षा सर हुशार निघतात. उंच मुलगा बाहेर आल्यापासून ते बाउंड्रीवरून फिरताहेत आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या कानाला लागताहेत. पहिल्यांदा वाटतं, धीर देत असतील. मग एकाला सांगितलेलं मला स्वच्छ ऐकू येतं: "घुमव. आऊट झालास तरी चालेल. लवकर."

म्हणजे बाकीच्यांना बॅट मिळावी म्हणून केलेला नियम, आणि त्याच बाकीच्यांना आता वाट मोकळी करायला पाठवताहेत. चाळीसला थांबवणं मला पटतं. परत यायची ती खिडकी ज्याने ठेवली त्याने सगळ्यावर पाणी ओतलंय.

पोरं गुणी आहेत. सांगितलं तसं घुमवतात आणि पटापट परत येतात. आठ विकेट पडतात. शेवटची जोडी आत, चार ओव्हर बाकी. ह्यातला एक गेला की उंच मुलगा आत. तो पॅड बांधूनच वडापाव खातोय.

"हेल्मेट घाल," सर म्हणतात.

"सर, पण तो आऊट होत नाहीये."

खरंच होत नाहीये. शेवटचा मुलगा एवढासा, पॅड जवळजवळ मांडीपर्यंत आलेले. बॅट सरळ खाली रोवतो आणि बॉल पायाशी मरतो. "मार!" सर ओरडतात. तो मान डोलावतो आणि पुढचा बॉल पुन्हा रोवतो. मग एक कट लागून स्लिपमधून चौका जातो. त्याचा स्वतःचाच विश्वास बसत नाही. तो बॅट उलटसुलट करून बघतो. ओव्हर संपते. सर कमरेवर हात. उंच मुलगा वडापाव संपवून कागदाची गोळी करतो आणि समोर बघत म्हणतो, "चांगला खेळतोय राव." बाबा त्याच्याकडे असे बघतात, जणू तो दुसऱ्याच टीमचा आहे.

शेवटच्या ओव्हरला ते दोघे पळून पळून चोरटे रन काढतात. रनआऊटची एक संधी माझा भाचाच घालवतो, बॉल स्टंपांवरून पार विकेटकीपरच्या डोक्यापलीकडे. वीस ओव्हर पूर्ण. उंच मुलगा हेल्मेट काढतो. सर स्कोअर बघायला येतात, तोच तो एवढासा मुलगा पॅड न सोडता टेबलाशी धापा टाकत हजर.

"काका, माझे किती?"

"अकरा. नॉट आऊट."

"बारा. तो एक बाय दिलाय ना, तो माझ्या बॅटला लागलेला."

"अंपायरने बाय दिला, मी बाय लिहिला."

"मग मी अंपायरला विचारून येतो," म्हणत तो निघतोसुद्धा. मागून सर हाका मारताहेत, फिल्डिंगला जायचंय.