इंजिन बदलाल, पण गिअरचा मेळ?

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावचे कारागीर दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून छोटी जीप बनवली. किक मारून सुरू होणारी! खर्च सुमारे 60,000 रुपये. डिसेंबर 2021 मध्ये आनंद महिंद्रांनी त्यांचे कौतुक केले. गाडी नियमांत बसत नाही, हेही तेव्हाच सांगितले. जानेवारी 2022 मध्ये जीपच्या बदल्यात त्यांना नवी बोलेरो मिळाली.

हुनराची कदर झाली, आनंद आहे. पण आम्हा सोयगावच्या कापड व्यापाऱ्यांचा माल अजिंठ्याचा घाट चढतो-उतरतो, म्हणून मिस्त्री बांधवांना दोन शब्द.

पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवले की वजन वाढते आणि इंजिनाचे फेरे कमी होतात. गिअरबॉक्स जुनाच ठेवला तर गाडी ओढते चांगली, धावते कमी. क्लच प्लेटचे दात, हाउसिंगचे बोल्ट, शाफ्टची लांबी, सगळे जुळावे लागते. शक्यतो इंजिन त्याच्याच गिअरबॉक्ससह घ्यावे. स्प्रिंग व ब्रेकही वाढीव वजनाला पुरेसे हवेत.

दुसरे कागदाचे. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52 पाहा. आरटीओच्या मंजुरीशिवाय इंजिन बदलले, तर अपघातात विम्याचा दावा अडकू शकतो. भंगारातल्या इंजिनाचीही पावती घ्या. मेहनत हलाल असते, तिचा कागदही साफ असावा.