बॉल चमकवा, पण बाटली ओळखा

पावसाळा लागला की कुणकेश्वरची पुळण मोकळी होते. महाशिवरात्रीची यात्रा, मे महिन्यातली पाहुण्यांची गर्दी, हापूसची धावपळ हे सगळे मागे पडते आणि किनाऱ्यालगतच्या घरगुती निवासांत आवराआवर सुरू होते. एखाद्या पडवीत पाहुण्यांसाठी पूलचे टेबल मांडलेले असेल, तर त्याचे सोळा बॉलही कधीतरी साफसफाईच्या यादीत येतात. हंगामभर शेकडो हातांतून फिरलेले, निळ्या खडूने माखलेले, चिकट आणि काहीसे पिवळे पडलेले. घरातल्या कुणाला तरी वाटते, एकदाचे घासूनपुसून लख्ख करूया. मग संडास धुण्याच्या अॅसिडची बाटली निघते. रंगकामातून उरलेला थिनर निघतो, नाही तर होडीच्या इंजिनासाठी आणून ठेवलेले रॉकेल निघते.

वरवर किरकोळ वाटणारे हे काम इथेच आरोग्याचा विषय होते. बॉलवरच्या मळाने माणूस सहसा आजारी पडत नाही. मळ काढण्यासाठी वापरलेल्या रसायनाने मात्र त्याच्यावर दवाखाना गाठायची वेळ येऊ शकते.

बॉल असतो कशाचा?

बिलियर्ड्सचे बॉल पूर्वी हस्तिदंताचे असत. एका सुळ्यातून मोजकेच चांगले बॉल निघत. त्यासाठी हत्ती मारले जात आणि दमट हवेत हे बॉल आकारही बदलत. पर्याय शोधताना अमेरिकेत जॉन वेस्ली हायट यांनी 1870च्या सुमारास सेल्युलॉइड पुढे आणले, पण ते चटकन पेट घेणारे होते. पुढे 1907 मध्ये लिओ बेकलंड यांनी फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइडपासून बेकेलाइट हे कृत्रिम राळेसारखे द्रव्य तयार केले. आजचे चांगले बॉल त्याच कुळातल्या फिनॉलिक रेझिनचे असतात, स्वस्तातले पॉलिएस्टरचे.

हा खेळ आपल्याला परका नाही. स्नूकर 1875 मध्ये जबलपूरच्या लष्करी छावणीत जन्मले असे मानले जाते. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958 मध्ये कोलकात्यात बिलियर्ड्सचे हौशी विश्वविजेते झाले. कोणत्याही खेळात वैयक्तिक विश्वविजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय. तेव्हा क्लबपुरता असलेला हा खेळ आता पूलच्या रूपाने घरापर्यंत आला आहे. टेबल आले, पण बॉलची निगा कशी राखायची हे सांगणारे कुणी सोबत आले नाही.

फिनॉलिक रेझिन एकदा घट्ट झाले की पुन्हा वितळत नाही. त्याचा पृष्ठभाग कठीण आणि गुळगुळीत असल्याने मळ आत मुरत नाही, वरच राहतो. त्यात हाताचा घाम, तेलकटपणा, कापडाचे तंतू आणि काठीच्या टोकाला लावायचा खडू असतो. त्यामुळे तो साध्या साबणाने निघतो.

पिवळेपणाचे मात्र तसे नाही. जुना पांढरा बॉल पिवळसर दिसतो, कारण उजेडाने आणि हवेने खुद्द रेझिनचाच रंग बदलतो. तो मळ नव्हे, त्यामुळे धुऊन जात नाही. हे माहीत नसलेला माणूस साबणाने भागत नाही म्हणून ब्लीच घेतो, ब्लीचने भागत नाही म्हणून अॅसिड ओततो. अपघाताची वाट इथून सुरू होते.

साफ करायचे कसे?

बादलीच्या तळाशी जुना टॉवेल अंथरावा, म्हणजे बॉल एकमेकांवर आपटून टवके उडत नाहीत. त्यात कोमट पाणी घेऊन भांडी घासायच्या द्रव साबणाचे काही थेंब टाकावेत. चार-पाच बॉल एका वेळी घेऊन मऊ कापडाने किंवा स्पंजने हलक्या हाताने चोळावेत, स्वच्छ पाण्यातून काढावेत आणि लगेच कोरडे करावेत. मग मऊ सुती किंवा मायक्रोफायबरच्या कोरड्या कापडाने घासले की पुरेशी चमक येते. रोज खेळ होत असेल तर आठवड्यातून एकदा, एरवी महिन्यातून एकदा एवढे पुष्कळ झाले.

कोकणच्या दमट हवेत ओले बॉल डब्यात बंद करू नयेत. बॉलला काही होत नाही, पण डब्याला आणि टेबलाच्या कापडाला बुरशी धरते, आणि ती दमेकऱ्याला त्रास देते.

भांडी घासायची तारेची घासणी, राख, टूथपेस्ट वापरू नये. त्यांनी बारीक चरे पडतात आणि चऱ्यांत मळ अधिक बसतो. उकळत्या पाण्याने बॉलला तडे जाऊ शकतात. नेलपॉलिश काढायचे अॅसिटोन पॉलिएस्टरचे बॉल खराब करते. गाडीचे मेण लावले तर बॉल निसरडा होतो, मेण कापडावर उतरते आणि खेळही बिघडतो. चमक हवीच असेल तर बॉलसाठी मिळणारे पॉलिश थोडेसे, खिडक्या उघड्या ठेवून वापरावे.

काठीचा निळा खडू शाळेतल्या खडूसारखा नसतो. त्यात सिलिका आणि कुरुंदाची बारीक भुकटी असते. ती फुंकून किंवा झटकून उडवू नये, ओल्या कापडाने टिपावी. 1996 मध्ये अमेरिकेतल्या तपासणीत अशा खडूंच्या काही नमुन्यांत शिसे सापडले होते. म्हणून रांगते मूल खडू तोंडात घालणार नाही याची काळजी घ्यावी. कॅरमच्या बोरिक पावडरलाही हाच नियम लागू आहे. ती पोटात गेली तर विषारी ठरते.

न दिसणारा धोका

ब्लीच आणि संडास धुण्याचे अॅसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. ब्लीच आणि अमोनिया असलेला काच पुसायचा द्रव एकत्र आले तर क्लोरामाइन तयार होते. बंद न्हाणीघरात हे घडले तर काही क्षणांतच डोळे चुरचुरतात, घसा जळतो, खोकल्याची ढास लागते. अशा वेळी बादली उचलत बसू नये. आधी मोकळ्या हवेत यावे, अंगावर द्रव उडाला असेल तर कपडे काढून अंग धुवावे, डोळ्यांवर 15 ते 20 मिनिटे स्वच्छ पाणी सोडावे. दम लागला किंवा छाती भरून आली तर लगेच दवाखाना गाठावा. थोड्या वेळाने बरे वाटले तरी गाफील राहू नये, कारण फुप्फुसांना आलेली सूज काही तासांनी डोके वर काढू शकते.

दुसरा धोका लहान मुलांना आहे. उरलेले रॉकेल, थिनर किंवा टर्पेंटाइन पाण्याच्या नाही तर थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवायची सवय घरोघरी दिसते. तहानलेले मूल ती बाटली तोंडाला लावते. हे द्रव पातळ असल्याने गिळताना किंवा ओकताना सहज श्वासनलिकेत उतरतात आणि फुप्फुसांना रासायनिक न्यूमोनिया होतो.

घाबरलेली मंडळी अशा वेळी मुलाच्या घशात बोट घालतात, मिठाचे पाणी पाजतात. हेतू चांगला असतो, पण ओकारी झाली की तेच रॉकेल दुसऱ्यांदा घशातून जाते आणि फुप्फुसात उतरायला आणखी एक संधी मिळते. म्हणून ओकारी काढू नये, दूध किंवा तेलही पाजू नये. रॉकेल सांडलेले कपडे काढावेत, अंग साबणाने धुवावे, 108 क्रमांकाला फोन करावा आणि बाटली सोबत घेऊन रुग्णालयात जावे. बाटली पाहिली की पोटात काय गेले हे डॉक्टरांना ताबडतोब कळते. मूल खेळते-हसते दिसले तरी त्याला काही तास देखरेखीखाली ठेवावे लागते. खोकला, धाप, गुंगी ही लक्षणे उशिरा दिसू शकतात.

थिनरने भिजलेली चिंधी चुलीजवळ किंवा देवघरातल्या समईजवळ टाकणे हाही आगीला आवतण देण्यासारखा प्रकार आहे.

आणि जंतूंचे काय?

अनेकांचे हात लागलेल्या वस्तूवर जंतू असतातच, पूलचे बॉल त्याला अपवाद नाहीत. पण त्यासाठी तीव्र औषधांची गरज नाही. साबण-पाण्याने बॉलवरचे बहुतेक जंतू निघून जातात. खेळ संपल्यावर, विशेषतः वडापाव किंवा भजी हातात घेण्यापूर्वी, साबणाने हात धुतले की उरलेली काळजीही मिटते. हातावर जखम असेल तर पट्टी बांधून खेळावे. जुलाब होत असतील तर दोन दिवस टेबलापासून लांब राहावे.

पाहुणे येण्याआधी टेबल झाडून, बॉल पुसून, त्रिकोणात रचून ठेवावेत. एखादा बॉल थोडा पिवळा दिसला तर दिसू द्यावा, त्याने खेळात काही फरक पडत नाही. त्याच दिवशी मोरीतल्या बाटल्यांवरही एक नजर टाकावी. अॅसिड आणि ब्लीच वेगवेगळ्या जागी ठेवावे. रॉकेल आणि थिनर मूळ डब्यात, चिठ्ठी लावून, मुलांचा हात पोचणार नाही अशा कुलूपबंद फळीवर ठेवावे. सोळा बॉल पुसायला अर्धा तास लागतो, बाटल्या जागी लावायला दहा मिनिटे. वेळ कमी असेल तर बॉल राहू द्यावेत आणि आधी बाटल्या आवराव्यात.