बेटांवरील बहुवंशीय समाज आणि कर्करोगाचे संशोधन

कर्करोगाच्या कारणांत आनुवंशिकतेचा वाटा किती आणि राहणीचा किती, हा वैद्यकशास्त्रातील एक जुना व बिकट प्रश्न होय. त्याचा उलगडा करावयाचा तर एकाच वंशाची माणसे निरनिराळ्या परिस्थितीत, आणि निरनिराळ्या वंशांची माणसे एकाच परिस्थितीत पाहावयास मिळाली पाहिजेत. असा प्रयोग माणसांवर मुद्दाम करता येत नाही. पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवर मात्र तो इतिहासानेच घडवून आणला आहे.

उसाच्या मळ्यांसाठी ह्या बेटांवर १८५२ पासून चिनी, १८७८ पासून पोर्तुगीज, १८८५ पासून करारबद्ध जपानी आणि १९०६ पासून फिलिपिनो मजूर आणले गेले. मूळ हवाईयन लोकांची संख्या १७७८ नंतर बाहेरून आलेल्या साथींनी आधीच रोडावत चालली होती. अशा रीतीने थोड्याशा भूमीवर अनेक वंश, त्यांचे आहार व त्यांच्या चालीरीती एकत्र नांदू लागल्या. १९६० मध्ये तेथे कर्करोग्यांची नोंदणी सुरू झाली आणि ह्या वैविध्याला शास्त्रीय मोल आले.

पहिला बोध जपानी स्थलांतरितांपासून मिळाला. जपानात जठराच्या कर्करोगाचे प्रमाण फार मोठे होते. हवाईत जन्मलेल्या पिढ्यांत ते उतरत गेले. उलट मोठ्या आतड्याचा कर्करोग, जो जपानात त्या काळी विरळ होता, तो गोऱ्या लोकांच्या बरोबरीने आणि पुढे त्याहूनही अधिक आढळू लागला. दोन-तीन पिढ्यांत जनुके बदलत नाहीत. तेव्हा हा पालट प्रामुख्याने राहणीचा परिणाम असला पाहिजे, हे उघड आहे.

पण राहणीतील नेमके काय बदलले, हे नोंदणीवरून कळत नाही. त्यासाठी निरोगी माणसांची माहिती आधी घेऊन पुढे वर्षानुवर्षे त्यांचा पाठपुरावा करावा लागतो. लॉरेन्स कोलोनेल व ब्रायन हेंडरसन ह्या संशोधकांनी १९९३ मध्ये हवाई व लॉस एंजेलिस येथे आरंभिलेला बहुवंशीय समूहाचा अभ्यास ह्याच स्वरूपाचा आहे. १९९६ पर्यंत ४५ ते ७५ वर्षे वयाचे २,१५,००० हून अधिक स्त्रीपुरुष त्यात सामील झाले. जपानी, मूळ हवाईयन, गोरे, आफ्रिकी व लॅटिनो असे त्यांचे पाच प्रमुख गट होते. आहाराची प्रश्नावली करताना प्रत्येक गटाचे स्वतःचे पदार्थ तीत घालावे लागले. कारण अळूच्या कंदापासून होणारी ‘पोई’ जीत नाही, अशी यादी मूळ हवाईयन माणसाच्या ताटाविषयी फारसे काही सांगू शकत नाही.

२००६ मध्ये ह्या समूहातील १,८३,८१३ व्यक्तींवर आधारलेला निष्कर्ष प्रसिद्ध झाला. दिवसाला दहापर्यंत सिगारेटी ओढणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका गोऱ्यांपेक्षा आफ्रिकी व मूळ हवाईयन लोकांत अधिक, तर जपानी व लॅटिनो लोकांत कमी आढळला. तिसाहून अधिक सिगारेटी ओढणाऱ्यांत हा फरक जवळजवळ मावळला. पुढील संशोधनात ह्याचे अंशतः स्पष्टीकरण मिळाले. निकोटीनचे विघटन करणारे सीवायपी२ए६ हे एंझाइम अनेक जपानी लोकांत मंद असते. निकोटीन शरीरात अधिक काळ टिकल्यामुळे प्रत्येक सिगारेटीचा धूर ते कमी ओढतात, आणि त्याबरोबर कर्ककारक द्रव्येही कमी घेतात. मूळ हवाईयन लोकांच्या अधिक धोक्याचा उलगडा मात्र निकोटीनच्या मात्रेवरून होत नाही.

ह्यावरून वंश हे रोगाचे कारण ठरत नाही. वंश ही केवळ कारणाकडे बोट दाखविणारी खूण होय. तिच्यामागे जनुके, आहार, व्यसने, दारिद्र्य व उपचारांची दुर्लभता ही सर्व दडलेली असतात. परंतु ती खूण पुसून टाकल्यास हानी होते. अमेरिकेच्या सरकारी वर्गीकरणात १९९७ पर्यंत ‘आशियाई व पॅसिफिक बेटवासी’ असा एकच गट होता. संख्येने मोठ्या आशियाई समाजांच्या सरासरीत मूळ हवाईयन स्त्रियांमधील स्तनाच्या कर्करोगाचे मोठे मृत्युप्रमाण झाकून जात असे. जो रोग आकड्यांत दिसत नाही, त्याच्या प्रतिबंधासाठी पैसाही मिळत नाही.

प्रतिबंधाचे कार्य ह्याच ज्ञानावर उभे आहे. हवाईने १ जानेवारी २०१६ पासून तंबाखू विकत घेण्याची वयोमर्यादा २१ वर्षे केली; अमेरिकेतील राज्यांत हे पाऊल त्याने सर्वप्रथम उचलले. ग्वाम व सायपान बेटांवर प्रश्न वेगळा आहे. तेथे पुष्कळ लोक सुपारी चघळतात. कित्येक जण तीत पान, चुना व तंबाखूही घालतात. तंबाखूविरहित सुपारीही कर्ककारक असल्याचा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केला. हवाई व ग्वाम येथील विद्यापीठांनी धूम्रपान सोडविण्याच्या पद्धतींना नवे वळण देऊन सुपारी सोडविण्याचा शास्त्रीय प्रयोग तेथे केला आहे.

पानसुपारी हे जेथे आदरातिथ्याचे चिन्ह आहे, त्या महाराष्ट्राला ह्या प्रयोगाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. मुंबईत १९६३ मध्ये डॉ. जस्सावाला ह्यांच्या प्रेरणेने स्थापन झालेल्या कर्करोग नोंदणीनेही समाजवार आकडे मांडून पारशी स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक असल्याचे दाखविले होते. समाज अनेक असतील तेथे एकच सरासरी कोणाचेच खरे वर्णन करीत नाही. प्रत्येक समाजाची स्वतंत्र गणना करणे, ही तेथे प्रतिबंधाची पहिली पायरी होय.