जमिनीची ऊब आणि सरड्याचीं अंडीं

सोनईच्या शिवारांत, बांधावरच्या बाभळींवर, कधीं कधीं एक अत्यंत संथ चालीचा हिरवा सरडा दृष्टीस पडतो. त्याचे दोन डोळे दोन निरनिराळ्या दिशांना फिरतात, पायांची पकड चिमट्यासारखी असते आणि शेंपटी फांदीस वेढा घालते. कित्येक ठिकाणीं त्यास घोयरा म्हणतात. शास्त्रीय नांव कॅमेलिओ झेलॅनिकस. कुंपणावर मान हलवीत बसणारा नेहमींचा सरडा तो हा नव्हे. याच्या रंगपालटाची कीर्ति सर्वांस ठाऊक आहे; परंतु याच्या अंड्यांची हकीकत त्याहूनही नवलाची आहे.

खुडूक कोंबडी २१ दिवस अंड्यांवर बसते, त्यांस आपल्या अंगाची ऊब देते व तीं वरचेवर उलटते, हें प्रत्येक घरीं पाहावयास मिळतें. सरड्याच्या मादीस मात्र अशी स्वतःची ऊब नसते. ती झाडावरून खालीं उतरते, मऊ मातींत तिरकस बीळ खणते, त्यांत १० ते ३० अंडीं घालते, माती लोटून बीळ बुजविते आणि निघून जाते. पुढें कांहीं महिने त्या अंड्यांची दाई एकच : जमीन.

आतां कोणी म्हणेल कीं, आपल्याकडील काळी जमीन उन्हाळ्यांत इतकी तापते कीं अनवाणी पाऊल ठेववत नाहीं; तेथें अंडीं शिजून कशीं जात नाहींत? याचें उत्तर खोलींत आहे. वैशाखांतील दुपारीं उघड्या काळ्या मातीच्या पृष्ठभागाचें उष्णतामान ६० अंश सेंटिग्रेडच्याही वर जाऊं शकतें, व तोच पृष्ठभाग पहाटे चांगलाच निवतो. परंतु माती उष्णतेस सावकाश वाट देते. जसजसें खोल जावें तसतसा दिवस व रात्र यांतील फरक झपाट्यानें कमी होतो. फूटभर खालीं तो जेमतेम दोन-तीन अंश उरतो. इतकेंच नव्हे, तर दुपारची ऊब तेथें पोंचेपर्यंत मध्यरात्र उलटूं लागते! म्हणजे वर जग गारठत असतां खालीं ऊब पोंचत असते. ऋतूंचा फेरा मात्र याहून पुष्कळ खोलवर, कित्येक फूट, जाणवतो. म्हणून अंड्यांस दिवसाचा ताप लागत नाहीं. हिवाळा व उन्हाळा मात्र कळतो.

या विषयाचा पद्धतशीर अभ्यास आपल्या जवळच, पुण्यास झाला आहे. तेथें १९३२ सालीं हवामानखात्याची शेतकी शाखा निघाली. तिचे प्रमुख डॉ. ल. अ. रामदास यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह काळ्या जमिनीचें उष्णतामान निरनिराळ्या खोलींवर मोजलें. काळ्या मातीवर पांढऱ्या भुकटीचा नुसता पातळ थर पसरला तरी खालील जमीन पुष्कळ थंड राहते, असें त्यांस दिसून आलें. रंगानें जर एवढा फरक पडतो, तर गवताच्या व झुडपांच्या सावलीनें किती पडत असेल! बांधावरचें एक झुडूप तोडलें कीं त्याखालील अंड्यांचें छप्परच उडालें, असें समजावें.

ऊब पुरेशी नाहीं, ओलही हवी. या अंड्यांचें कवच कोंबडीच्या अंड्यासारखें कडक नसून चिवट असतें, व तें मातींतील ओल शोषून घेतें. कोरड्या मातींत अंडें सुकतें, तर पाणी सांचल्यास आंतील जीव गुदमरतो. मुळेच्या कालव्यानें भिजणाऱ्या उंसाच्या शेतापेक्षां उंच बांध त्यास सोयीचा, तो याच कारणानें.

येमेन व अरबस्तान येथील एका जातभाईविषयीं २००४ सालीं प्रसिद्ध झालेलें संशोधन तर फारच मनोरंजक आहे. त्याच्या अंड्यांतील गर्भ आरंभीं जणूं निजून असतो. भोंवतालची ऊब वाढली कीं तो जागा होऊन वाढीस लागतो. अर्थात् त्याचें पंचांग म्हणजे जमिनीचें उष्णतामानच होय.

विद्यार्थिमित्रांनो, याची प्रचीति तुम्ही स्वतः घेऊं शकाल. गुरुजींच्या देखरेखीखालीं मोकळ्या जागेंत दोन बोटें व एक फूट अशा दोन खोलींवर उष्णतामापक ठेवा. सकाळीं सातला व दुपारीं दोनला आंकडे टिपा. नंतर तेंच झाडाखालीं करून पाहा. मात्र अंडीं शोधण्यासाठीं कोठेंही खणूं नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें या प्राण्यास संरक्षण दिलें आहे.

पालकांसही एक विनंति आहे. हा सरडा विषारी नाहीं. तो किडे खाऊन राहतो. त्यास अपशकुनी समजून दगड मारूं नये. बांध साफ करतांना अशीं अंडीं उघडीं पडलीं, तर तीं दयेपोटीं घरीं आणून उन्हांत ठेवूं नयेत, व कोंबडीप्रमाणें उलटूंही नयेत. कारण गर्भ कवचाच्या आंत एका बाजूस चिकटलेला असतो व उलटल्यास दगावूं शकतो. जी बाजू वर असेल ती वरच ठेवून, तितक्याच खोलीवर, त्याच ओलसर मातीनें झांकावें. बाकीचें काम जमीन करील.