हौसेची गाडी, सौद्यातील सचोटी

आपल्या व्यापारी घरांतील तरुणांना मोटारींचे वेड नवे नाही. त्यातही जपानी स्पोर्ट्स कारचे वेड निराळेच. मित्सुबिशीची लान्सर इव्होल्यूशन एक्स भारतात विकली गेली ती थोडक्या संख्येने. निस्सानची जीटी-आर २०१६ मध्ये आली, तीही मोजक्यांच्याच दारी. अशी गाडी घेणारा तिला आहे तशी क्वचितच ठेवतो. मोठा टर्बो, रुंद सायलेन्सर, आखूड स्प्रिंगा, इंजिनाच्या संगणकातील नवी मांडणी, असा खर्च वर्षानुवर्षे चालू राहतो. पुढे लग्न होते, संसार वाढतो, कडक सस्पेन्शनचे धक्के आजींच्या कंबरेला सोसेनासे होतात आणि गाडी विकण्याची गोष्ट निघते.

दलाल या फेरबदलांचे मोल करत नाही. उलट त्यांच्या नावाने भाव पाडतो. म्हणून असे मालक ग्राहक स्वतः शोधतात. त्यात वावगे काही नाही. मात्र झालेला खर्च किमतीत जसाच्या तसा वसूल होईल, ही आशा सोडलेली बरी. लग्नात केलेल्या रोषणाईचे पैसे घर विकताना मिळत नाहीत, तसेच हे.

या गाड्यांचे खरे रूप बाहेरून दिसत नाही. त्याची मुळे जपानमध्येच आहेत. १९८९ पासून २००४ पर्यंत तेथील कारखानदारांत एक अलिखित समझोता होता: कोणीही २८० अश्वशक्तीहून अधिक ताकद जाहीर करायची नाही. कागदावर २८० आणि आत त्याहून अधिक पेलणारे इंजिन, अशी टोयोटा सुप्रासारखी वाहने घडली. हौशी लोकांनी ती सुप्त ताकद बाहेर काढली आणि फेरबदलांची परंपरा रुजली. म्हणजे बोनेट उघडून पाहणाऱ्यालाही आतला पिस्टन मूळचा की बदललेला, हे कळत नाही. विकणाऱ्याला मात्र ते ठाऊक असते.

येथे १८७२ च्या भारतीय करार कायद्यातील एक उदाहरण आठवते. लिलावात घोडा विकणाऱ्याला त्याची खोड माहीत आहे, पण तो गप्प राहिला, तर कायदा त्याला फसवणूक म्हणत नाही. परंतु घेणारा म्हणाला, "तुम्ही नाही म्हटले नाही, तर मी घोडा निर्दोष समजेन," आणि विकणारा तरीही गप्प बसला, तर ते मौन बोलण्याइतकेच मानले जाते. माझ्या मते व्यापाऱ्याच्या घराने दुसऱ्या प्रसंगाची वाट पाहूच नये. गाडी बाजारात एकदा विकली जाते. नाव रोज विकायला बसलेले असते.

म्हणून गाडीचीही खतावणी ठेवावी. कोणता भाग, कधी, कोणत्या गॅरेजात बसवला, याच्या पावत्या; कॉम्प्रेशन टेस्टचा ताजा निकाल; अपघात झाला असल्यास त्याची नोंद. एक बाब विशेष महत्त्वाची: इंजिनाची मांडणी १०० ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी केलेली असेल तर ते स्पष्ट सांगावे. हे पेट्रोल ठराविक शहरांतच मिळते. नव्या मालकाने नकळत कमी ऑक्टेनचे साधे पेट्रोल भरून वेग घेतला, तर इंजिनात ठोके बसून ते निकामी होऊ शकते.

कायद्याची बाजू कठोर आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आर.सी.तील तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच अधोरेखित केले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरबदलाला प्रत्येकी ५ हजार रुपये दंड वा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. तेव्हा शक्य तितके मूळ भाग परत बसवून विकणे उत्तम. काढलेले सुटे भाग हौशी मंडळी वेगळे घेतात.

सौदा झाला की नाव बदलेपर्यंत स्वस्थ बसू नये. दिल्लीकडील एका प्रकरणात मालकाने २००७ मध्ये गाडी विकली, ती हातोहात फिरली, २००९ मध्ये जीवघेणा अपघात झाला. आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाईची जबाबदारी पहिल्याच मालकावर ठेवली, कारण आर.टी.ओ.च्या दप्तरी नाव त्याचेच होते. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन, राज्यातल्या राज्यात विक्री असल्यास १४ दिवसांत कळवावे. विम्याचा नो क्लेम बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. प्रमाणपत्र घेतल्यास तो ३ वर्षांत पुढच्या गाडीला लावता येतो.

रक्कम बँकेतूनच घ्यावी. २ लाख वा अधिक रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याने २०१७ पासून मनाई आहे आणि दंड स्वीकारलेल्या रकमेइतकाच आहे. गाडी पेढीच्या नावे असून तिच्यावर घसारा घेतला असेल, तर घसाऱ्यानंतरच्या किमतीहून जितके अधिक मिळेल त्या फरकावर जी.एस.टी. बसतो, २०२५ पासून तो १८ टक्के आहे. विक्री तोट्यात गेली तर कर नाही. चार्टर्ड अकाउंटंटला ही गोष्ट सौद्याआधी विचारावी, नंतर नव्हे.

आणि गाडी देताना दुसरी किल्ली, पावत्यांची फाइल व परत न बसवलेले मूळ भाग एका खोक्यात घालून सोबत द्यावेत.