रामानुजांची भक्ती आणि शूद्रांचा अधिकार
गुरूने गुप्त ठेवावयास सांगितलेला मंत्र श्रीरामानुजांनी (परंपरेनुसार इ. स. १०१७–११३७) तिरुकोष्टियूरच्या मंदिरावर चढून सर्वांना ऐकविला, ही कथा भक्तिमार्गातील समतेचा पुरावा म्हणून सांगितली जाते. परंतु आम्ही त्यांचे ‘श्रीभाष्य’ पाहतो, तेव्हा अपशूद्राधिकरणात निराळाच निर्वाळा मिळतो. शूद्रास ब्रह्मविद्येचा अधिकार नाही. इतिहास-पुराणांच्या श्रवणाने त्याचा पापक्षय होईल, एवढेच! ज्या शंकराचार्यांच्या अद्वैताचे ते हिरिरीने खंडन करतात, त्यांच्याशी येथे मात्र त्यांचे एकमत आहे. संतांचा विचार मनुष्य व ईश्वर यांच्या नात्यापुरता होता, माणसामाणसांतील झगड्याचा नव्हता, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गांधीजींना दिलेल्या उत्तरात म्हटले आहे. मेलकोटे येथे रामानुजांनी अस्पृश्यांना मंदिरप्रवेश दिला, असे परंपरा अभिमानाने सांगते. तो प्रवेशही वर्षातील मोजक्याच दिवसांचा होता.