गाडी किती खाली घ्यावी?

रस्त्याने जाताना एखादी छोटी मोटार तुमच्या नजरेत भरली असेल. तिची चाके पत्र्याच्या आत जवळजवळ लपलेली असतात. गाडी जमिनीला चिकटून चालली आहे असे वाटते. गतिरोधक आला की चालक तिला तिरकी वळवतो, मुंगीच्या पावलाने पुढे नेतो आणि तरीही खालून 'खर्र' असा आवाज येतोच. ही गाडी कारखान्यातून अशी आलेली नसते. मालकाने ती मुद्दाम खाली घेतलेली असते.

घरातल्या भाईजानने किंवा मामूंनी जुनी स्विफ्ट घेतली की काही दिवसांनी त्यांच्याही मनात हा विचार येतो. खिशात पैसे थोडे असतात. मग एखादा मित्र सांगतो, "स्प्रिंगचा एक वेढा कापून टाक, फुकटात काम होईल." हा सल्ला ऐकावा का? ते ठरवण्याआधी गाडीच्या खाली काय असते ते पाहू या.

चाक आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये स्प्रिंग असते. उर्दूत तुम्ही स्प्रिंगला 'कमानी' म्हणता. मराठीतही घड्याळाच्या स्प्रिंगला 'कमान' म्हणतात. शब्द दोन्ही घरचा आहे. स्प्रिंगचे काम दुहेरी असते. ती गाडीचे वजन उचलून धरते आणि चाक खड्ड्यात किंवा उंचवट्यावर गेले की धक्का स्वतःवर घेते. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ मध्ये स्प्रिंगचा नियम प्रसिद्ध केला. स्प्रिंगवर जेवढे बळ लावावे तेवढ्याच प्रमाणात ती दबते किंवा ताणली जाते. दुप्पट वजन ठेवले तर ती दुप्पट दबेल.

पण दबलेली स्प्रिंग लगेच उसळी मारते आणि वरखाली होत राहते. तिला आवरण्यासाठी शॉकॲब्सॉर्बर बसवलेला असतो. गॅरेजमधले लोक त्याला 'शॉकअप' म्हणतात. त्याच्या नळीत तेल असते. दट्ट्या हलला की तेलाला बारीक छिद्रांतून वाट काढावी लागते आणि त्यात उसळीचा जोर जिरतो. स्विफ्टसारख्या गाड्यांत पुढच्या चाकांजवळ स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर एकाच खांबावर बसवलेले असतात. या रचनेला मॅकफरसन स्ट्रट असे नाव आहे. अर्ल मॅकफरसन या अमेरिकन इंजिनिअरने ती तयार केली. खांबावर रबराचा एक ठोकळाही असतो. स्प्रिंग फारच दबली तर लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून तो तिथे ठेवलेला असतो. त्याला बंप स्टॉप म्हणतात. हा ठोकळा लक्षात ठेवा.

आता थोडा हिशेब करू. नव्या पिढीच्या स्विफ्टचा सर्वांत खालचा भाग जमिनीपासून सुमारे १६३ मिलिमीटर उंच असतो. ही रिकाम्या गाडीची उंची झाली. गाडीत पाच माणसे बसली तर? माणशी ६० किलो धरले तर ३०० किलो वजन वाढले. चारही स्प्रिंगा मिळून १ मिलिमीटर दबायला ८ किलो लागतात असे समजा. म्हणजे गाडी सुमारे ३७ मिलिमीटर खाली बसेल. आता उरले १२६.

गतिरोधकाचे गणित मजेदार आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा लागतो. स्विफ्टच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर २.४५ मीटर आहे. म्हणजे गाडी अशा गतिरोधकाच्या मधोमध आली तर चारही चाके त्याच्यावरच असतात. तिच्या पोटाखाली फक्त साडेचार सेंटिमीटरचा फुगवटा येतो. आहे ना गंमत? पण आपल्या गल्लीत लोकांनी सिमेंट ओतून केलेला अरुंद गतिरोधक असला तर? तो १२ सेंटिमीटर उंच असेल तर चाके त्याच्या दोन्ही बाजूंना जमिनीवर राहतात आणि पूर्ण १२ सेंटिमीटर पोटाखाली येतात. १२६ मधून १२० गेले, उरले ६ मिलिमीटर. कारखान्यातून आलेली भरलेली गाडीसुद्धा कशीबशी सुटते. तीच गाडी ३० मिलिमीटर खाली घेतली तर तिचे पोट घासणारच. म्हणून, गाडी किती खाली घ्यायची हे दुकानदाराला विचारण्याआधी मोजपट्टी घेऊन आपल्या रोजच्या रस्त्यावरचा सर्वांत वाईट गतिरोधक मोजावा.

मग लोक गाडी खाली घेतातच कशाला? दिसायला छान हे एक कारण, आणि ते लपवण्याचे कारण नाही. दुसरे कारणही खरे आहे. वजनाचा मध्य खाली आला की वळणावर बाहेरच्या चाकांवर जाणारा भार थोडा कमी होतो. पण हा फायदा फार मोठा नसतो. तो मध्य ५५ सेंटिमीटर उंचीवर असेल आणि गाडी ३ सेंटिमीटर खाली आली, तर फरक सुमारे ५ टक्क्यांचा पडतो. चांगल्या टायरने याहून जास्त फरक पडतो असे मला वाटते.

आता त्या फुकटच्या सल्ल्याकडे वळू. स्प्रिंगचा वेढा कापला की ती आखूड होते, हे दिसते. ती कडकही होते, हे मात्र दिसत नाही. सहा वेढ्यांची स्प्रिंग पाच वेढ्यांची झाली तर ती सुमारे २० टक्के कडक होते. एवढ्यावर थांबले असते तरी चालले असते. पण स्प्रिंगचे टोक तिच्या बैठकीत नीट बसावे म्हणून खास आकाराचे केलेले असते. कापलेले टोक तसे बसत नाही. गाडी जॅकवर उचलली किंवा चाक खोल खड्ड्यात लोंबकळले की आखूड स्प्रिंग सैल पडते आणि जागेवरून सरकू शकते. ती वेगात असताना सरकली तर काय होईल याची कल्पना करा. काही जण स्प्रिंग गॅसने तापवून खाली बसवतात. ते तर आणखी वाईट. तापवलेल्या पोलादाचा मूळ कडकपणा आणि ताकद निघून जाते आणि पुढे ती स्प्रिंग बसतच जाते किंवा तुटते.

शिवाय तो रबरी ठोकळा. चाकाला वर सरकायला समजा ७० मिलिमीटर मोकळी जागा होती. गाडी ३५ मिलिमीटर खाली घेतली तर जागा निम्मी उरली. तेवढाच धक्का निम्म्या जागेत थांबवायचा तर स्प्रिंग दुप्पट नाही, चौपट कडक हवी. वेढा कापलेली स्प्रिंग २० टक्केच कडक झालेली असते. उरलेला धक्का मग ठोकळ्यावर, शॉकॲब्सॉर्बरवर आणि शेवटी आत बसलेल्यांच्या पाठीवर येतो.

पैसे थोडे असतील तर ते आधी कुठे घालावेत? माझे मत विचाराल तर पहिला पैसा जुन्या झालेल्या भागांवर. पुष्कळ किलोमीटर चाललेल्या गाडीचे बुश फाटलेले असतात, शॉकॲब्सॉर्बरमधून तेल गळत असते. ओली, तेलकट नळी नुसत्या डोळ्यांनीही दिसते. असे शॉकॲब्सॉर्बर तसेच ठेवून वर कडक स्प्रिंग घातली तर गाडी वळणावर बसण्याऐवजी उड्या मारते. केवळ जुने भाग बदलले तरी गाडी इतकी सुधारते की कित्येकांचा खाली घेण्याचा उत्साह तिथेच मावळतो.

त्यानंतर त्याच गाडीसाठी बनवलेला आखूड स्प्रिंगांचा संच घ्यावा. त्यात चारही स्प्रिंगा असतात आणि किती मिलिमीटर फरक पडेल ते लिहिलेले असते. वरचा हिशेब पाहता आपल्या रस्त्यांवर २० ते २५ मिलिमीटरच्या पुढे मी जाणार नाही, आणि घरापुढे अरुंद गतिरोधक असेल तर तेवढेही नाही. त्यांच्याबरोबर शोभतील असे शॉकॲब्सॉर्बर घेता येत नसतील तर पैसे साठेपर्यंत थांबलेले बरे. खांबावर आटे असलेला, उंची वरखाली करता येणारा 'कॉइलओव्हर' नावाचा प्रकारही मिळतो. चांगला असेल तर उत्तम, पण महाग. स्वस्तातल्या कॉइलओव्हरचे आटे पावसाळ्याच्या चिखलात गंजून जाम होतात, मग उंची बदलणार कशी?

एक गोष्ट पैशांची नाही, कायद्याची आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणीच्या कागदांतील व कारखान्याने ठरवलेल्या तपशिलांशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. जर्मनीत स्प्रिंगा बदलल्यावर साधारणपणे अधिकृत तपासनीसाकडून गाडी तपासून घ्यावी लागते. आपल्याकडे सुटे भाग विकत घेण्याआधी आर.टी.ओ. आणि विमा कंपनी या दोघांना लेखी विचारावे. दोघांपैकी एकाचाही नकार आला तर जुन्या भागांच्या दुरुस्तीवरच समाधान मानावे.

परवानगी मिळून काम झाले तरी गॅरेजमधून लगेच निघू नये. गाडी खाली आली की चाकांचे कोन बदलतात. ते व्हील अलाइनमेंटच्या यंत्रावर सरळ करून घेतले नाहीत तर टायर आतल्या कडेने झिजतो आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते कळतही नाही. पुढची बाजू मागच्यापेक्षा जास्त खाली आली असेल तर दिव्यांचा झोतही जवळ पडतो, तोही जुळवून घ्यावा. प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून वहीत लिहून ठेवावे. पंधरा दिवसांनी गाडी त्याच सपाट जागी उभी करून पुन्हा मोजावे. चारही स्प्रिंगा सारख्या बसल्या असतील तर चारही आकडे जवळपास सारखेच उतरलेले दिसतील. एकच चाक जास्त उतरले असेल तर ती स्प्रिंग काढून तिची बैठक पुन्हा तपासायला लावावी.